मास्तरांचा कॉम्प्युटर

टायपिंग क्लासचे टाइपरायटर विकून अण्णाराव मास्तरांनी गंगाखेडात स्वतः कॉम्प्युटर जुळवला, पण पोरी शिकायला बसल्या की तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. सुटे भाग विकणाऱ्या हैदराबादच्या दुकानदारानं मेमरी बदलून दिली, मग मदरबोर्ड. शेवटी मास्तरांनी अख्खं यंत्रच नेलं, तर तिथं ते दिवसभर चाललं. “मशीन अच्छीच है मास्टरसाब, घर की लाइट देखो,” दुकानदार म्हणाला. परतल्यावर मास्तर बटण दाबून बल्बाकडं बघत बसले. शेजारची गिरणी सुरू झाली, बल्ब मंदावला, स्टॅबिलायझर असूनही पडदा काळा पडला. क्लासपुरती गिरणी थांबवा, असं सांगायला तरातरा गेले. नवऱ्यामागं गिरणीवर लेकरं पोसणारी नागुबाई पिठानं पांढरी झालेली, बाया डबे घेऊन खोळंबलेल्या. “मास्तर, तुमचं बी दळण हाय का?” तिनं विचारलं. “हाय,” म्हणत मास्तर रिकाम्या हातांनी रांगेत उभे राहिले.