तिसरा फोटो

"राग दिसला की लगेच बटण दाबायचं, हं," वृंदाने आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, जुईला बजावलं. संशोधनासाठी ही चाचणी ती उद्या शाळेतल्या मुलांची घेणार होती. आज घरी रंगीत तालीम. लॅपटॉपवरचा शांत चेहरा फोटोगणिक रागीट होत जाणार. एकूण वीस फोटो. मुलं एरवी बाराव्या-तेराव्याला बटण दाबतात.

जुईने तिसऱ्यालाच दाबलं.

घाई झाली असेल म्हणून वृंदाने दुसरा चेहरा लावला. पुन्हा तिसऱ्याला. मग आणखी एक, तोही तिसऱ्यालाच. राग इतक्या लवकर कोणाला ओळखू येतो, हे तिनेच प्रबंधात लिहिलं होतं. ज्या मुलांना रोज मार चुकवायचा असतो, त्यांना.

घरात तर त्या दोघीच. मग शाळेत? शिकवणीला? की तो व्हॅनवाला?

"कोण मारतं तुला?" तिने जुईचा दंड आवळला. "बोल ना! दातखीळ बसली का? कोण हात उचलतं माझ्या पोरीवर?"

जुईने लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. आईच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता तिने बटण दाबलं.