मागच्या सीटचं हेल्मेट

गतिरोधकावर गाडी आपटली आणि सिस्टरबाईंचा डावा हात सवयीने मागे गेला. मागे हेल्मेट नव्हतं. ते उतारावरून गडगडत चपलांच्या दुकानापर्यंत पोहोचलं होतं, आणि दुकानदार ते उचलून, आत डोकं तर नाही ना, हे घाबरत घाबरत बघत होता.

डोकं नव्हतंच. सात महिने त्या हेल्मेटमध्ये कुणाचंच डोकं गेलं नव्हतं. हेल्मेट बाईंच्या नवऱ्याचं. तो गाड्यांच्या सीट शिवायचा, आणि त्याच्यासारखी शिलाई दुसऱ्या कुणाची नाही हे त्याच्यावर जळणारेही कबूल करायचे. मग नजर गेली. एका डोळ्याला काहीच दिसेना, दुसऱ्याला नुसते उजेडाचे डाग. दुकानाला कुलूप लागलं आणि तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. बाई रोज सकाळी घरोघरी इंजेक्शनं द्यायला, जखमा बांधायला निघायच्या. दारात विचारायच्या, येता का दुकानापर्यंत? तो म्हणायचा, आज नको.

बरं, नको तर नको, हेल्मेट तरी घरी ठेवावं की नाही? शेजारणीने हेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, एकदा खुंटीला लागलं की ते खुंटीचंच होऊन बसेल. झालं. तेव्हापासून हेल्मेट दिवसभर बाईंबरोबर हिंडायचं. कोपरात अडकवलं, तर वळताना टाकीवर टाणकन आपटायचं. आरशावर टांगलं, तर आरसा मान टाकायचा. सीटखालच्या हुकात अडकवलं, तर सायलेन्सरच्या झळीने आतल्या गादीला करपल्याचा वास यायला लागला. शेवटी रबरी दोरीने मागच्या सीटवर बांधलं, आणि मग प्रत्येक गतिरोधकावर मागे हात नेऊन चाचपायची सवयच लागली, लेकरू मागे बसवल्यासारखी. लोक हसायचे. हसोत बापडे. मला विचाराल तर अशी बाई लाखात एक.

संध्याकाळी बाईंनी हेल्मेट टेबलावर ठेवलं, खरचटलेली बाजू भिंतीकडे करून. आता ज्याला दिसत नाही त्याच्यापासून बाजू लपवून काय उपयोग? नवऱ्याने हेल्मेट मांडीवर घेतलं, त्यावरून बोटं फिरवली आणि कानाच्या वरच्या जागी थांबला.

"पडलं?"

"नुसतं खरचटलंय. आत तडा नाही, मी बघितलंय."

"बांधलं कशाने होतंस?"

रबरी दोरी म्हटल्यावर तो जो काही चिडला! गोल वस्तूला दोन टोकांची दोरी, आणि तीही सीट शिवणाऱ्याच्या बायकोने? बघणारे काय म्हणाले असतील, हे त्याने दोनदा विचारलं. मग ताडकन उठला, भिंत धरून तीन पायऱ्या उतरला आणि गाडीशी जाऊन उकिडवा बसला. दवाखाना सोडला तर सात महिन्यांत तो पहिल्यांदा घराबाहेर आला होता. त्याच्या हे लक्षातही नव्हतं. बाईंच्या होतं, म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्याने सीटची कड चाचपली. वीत लावली, मग चार बोटं. खिशातून दोरा काढला आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारली. तीन पट्टे लागतील, तो पुटपुटत होता, तिन्ही खाली एकत्र आले की हेल्मेट झोळीत बसल्यासारखं बसेल, वरून एक बकल. काय सांगू, ती बोटं बघण्यासारखी होती. माप घेताना ती एकदाही अडखळली नाहीत.

पाचवी गाठ मारून तो थांबला.

"हाताने नाही व्हायचं हे. मशीनच लागेल."

मशीन त्याच्या बंद दुकानात होती. बाईंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, ते त्यांनी गिळलं. इतकंच म्हणाल्या, "चौकातल्या सीटवाल्याकडून शिवून आणते मग." ही चाल होती की काय, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"तो? त्याला सरळ टाका तरी घालता येतो का?"

तो सीटच्या जुन्या शिलाईवरून अंगठा फिरवत राहिला. ती त्यानेच घातलेली होती, आणि इतक्या वर्षांत एक धागा निघाला नव्हता.

"मला दिसत नाही गं," तो हळूच म्हणाला. मग गाठींचा दोरा मुठीत गुंडाळत, "सकाळी किती वाजता निघतेस?"

सकाळी रबरी दोरी खुंटीला लागली. तो मागे बसला, डोक्यावर खरचटलेलं हेल्मेट, मुठीत गाठींचा दोरा. बाईंनी गाडी इतकी हळू हाकली की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून गेला. चपलांच्या दुकानाच्या अलीकडे तोच गतिरोधक आला. पुढचं चाक चढलं, उतरलं, मागचं चढलं, उतरलं, आणि बाईंचा डावा हात सवयीने मागे गेला.

हाताला गुडघा लागला.

"आहे," तो मागून म्हणाला. "तू पुढे बघ."