रंगाची राखण

“पोरीचा रंग गेला तर कोणालेच सोडनार नाही मी!”

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाय ठेवताच सुलोचनाबाईंनी सिस्टरला दम भरला. त्यांची चार दिवसांची नात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली उघडी पडली होती. कावीळ म्हणे! लाखनीजवळच्या त्यांच्या गावात सारा मोहल्ला येऊन पाहून गेला होता. अशी सोन्यासारखी पोरगी घराण्यात आजवर झाली नव्हती. सून रंजिता नऊ महिने केशराचं दूध प्यायली, ते काय फुकट? अन् गावची आशा सेविका पुष्पाबाई आली, पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून पाहिलं आणि थेट गाडीच बोलावली. दुसऱ्याचं चांगलं काही लोकांना पाहवतच नाही.

रंगाची किंमत सुलोचनाबाईंना ठाऊक होती. स्वतः त्या तव्याच्या बुडासारख्या. लग्नाआधी अकरा नकार पचवले. लग्नानंतर सासूनं कधी नावानं हाक मारली नाही. ‘काळे, पाणी आण. काळे, धान पाखड.’ चाळीस वर्षं झाली, तरी ती हाक कानांतून गेली नव्हती. नातीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दूध पाजायला दिवा बंद झाला, तशी दामिनी सिस्टर म्हणाली, “आजी, सुनेले टाके हायेत. तुमीच हलक्या हातानं मालिश करून देत जा. पोटावरून गोल गोल, पंधरा मिनिटं. तेल बिलकुल नाही. मालिशनं पोट साफ होते.”

तेलाविना मालिश म्हणजे फोडणीविना वरण! पण सुलोचनाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवा रंग ओढतो ना? ओढू दे. आपण चोळून आत बसवू. एवढी शिकलेली सिस्टर, पण स्वतःच्याच पायावर धोंडा मारून बसली बिचारी!

मग काय विचारता! तीन दिवस बाईंनी मालिशीची एक वेळ चुकवली नाही. मालिश झाली की पोरगी लंगोट भरायची, पिवळाजर्द. बाई कौतुकानं धुवायच्या. रंगाचा एवढा सुकाळ, की उतू चाललाय, असं त्यांना वाटे.

चौथ्या दिवशी सिस्टर रिपोर्ट घेऊन हसत आली. “सुटली पोरगी! दिव्यानं काम केलं, अन् तुमच्या मालिशनं हातभार लावला. पिवळं सारं शीवाटे निघून गेलं.”

सुलोचनाबाईंनी दुपटं बाजूला केलं. सावळी. चांगली पक्की सावळी. म्हणजे आपल्याच हातांनी घालवला की रंग! त्यांना रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

“परत कधी येईन तो?”

सिस्टरचं हसू मावळलं. “परत? आजी, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर ते पिवळं मेंदूत चढलं असतं. पोरगी वाचली असती, तरी जन्माची बहिरी राहायची भीती होती.”

बाईंची नजर पोरीच्या इवल्या कानांवर गेली. तेवढ्यात त्यांच्या कमरेचा मोबाईल खणखणला. पोरगी दचकली. दोन्ही हात हवेत उडाले आणि तिनं असा टाहो फोडला, की सारा वॉर्ड वळून पाहू लागला.

फोनवर साकोलीची नणंद होती, कुसुमताई. “वहिनी, नातीचा रंग कसा हाये वं?”

सुलोचनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

“ऐकू येते, कुसुम!” त्या ओरडल्या. “ऐकू येते तिले!”