माझे माग बघ

बनुबाईनं पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. "नीला, तुझा मालक तोंडातल्या तोंडात बोलतो गो. जरा ध्यान दे." शेजारची म्हातारी ती, तिला पाचोळा वाजला तरी भीती. नीला हसली होती. मुंबईच्या गिरणीत शेकडो माग एकदम धडधडतात, तिथं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलतात. तिचा नवरा श्रीपत नऊ वर्षं तसाच बोलत आला होता. संप लांबला, माणूस पोलादपूरला घरी येऊन बसला, पण ओठांना ते कुठं कळतंय, असं तिनं बनुबाईला समजावलं होतं. महाडच्या कॉलेजात बी. ए. झालेली बाई, तिच्याजवळ प्रत्येक गोष्टीला कारण तयार असे.

आज दुपारी महिपत आला. श्रीपतच्या शेजारचे माग चालवणारा, युनियनचा माणूस. संपाला चौदा महिने झाले होते. युनियननं वाटलेलं धान्य कधीच संपलं होतं. महिपत तरीही काखेत वही धरून वाड्यावाड्यांतून आपल्या खात्यातल्या माणसांच्या घरी जात होता. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणे, तोंडं बघायला. घरोघरच्या चहानं पित्त झालंय, पण चहा नको म्हटलं की लोक दारातूनच बोलतात.

नीलानं चहा ठेवला. मांडीवर सात महिन्यांची पोर. कित्येक दिवस तिला सलग झोप नव्हती. पोर जरा गप्प पडली की नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, असं दिवसातून दहा वेळा. श्रीपत कुठाय, महिपतनं विचारलं. सकाळीच नदीवर गेलाय, ती म्हणाली. मग सहज म्हणून तिनं त्याच्या ओठांचं सांगितलं, आणि तो पुन्हा पुन्हा जे म्हणे ते स्वतः ओठ हलवून दाखवलं.

महिपतनं बशी खाली ठेवली.

"'माझे माग बघ' म्हणतोय तो."

खात्यातून बाहेर जायचं तर शेजारच्याला तसं सांगायचं असतं, त्यानं सांगितलं. शेजारच्यानं मान हलवली की निघायचं. तोवर पाऊल उचलायचं नाही. मागं सूत तुटलं तर बघणार कोण. श्रीपतनं हा नेम कधी मोडला नव्हता.

"कुणाला सांगत होता, वैनी?"

"मला. रोज, उंबऱ्यात उभं राहून."

"मग तुम्ही काय केलंत?"

रोज ती हसायची. तो थोडा वेळ उभा राही आणि आत येऊन बसे. आज सकाळी पोर रडत होती, दूध उतू चाललं होतं, तिनं न बघताच मान हलवली होती. आणि तो निघाला होता. जाताना मनगटावरचं घड्याळ पोरीच्या झोळीत ठेवून गेला. तिला वाटलं, पोरीला टिकटिक आवडते म्हणून.

हे सांगायला तिला वेळ लागला. सांगता सांगताच ते तिला कळत होतं.

पोर बनुबाईच्या हातात दिली.  'मी सांगितलं होतं' असं म्हातारी म्हणाली नाही.

सावित्री नदीला पाणी आता गुडघ्याएवढंच होतं. फक्त पलीकडच्या कातळाखाली डोह होता, तिथं गुरंही कुणी उतरवत नसे. श्रीपत त्या कातळावर बसला होता. शेजारी चपला, नीट जोडून ठेवलेल्या. नीला हाक मारणार, तोच महिपतनं तिला थांबवलं. त्यानं हात उंच करून हलवला, खात्यात हलवतात तसा. श्रीपतनं मान वर केली. महिपतचे ओठ हलले.  मग पलीकडचे ओठ हलले.

"काय म्हणाला?"

"कुठं निघालास, किती वेळ, असं मी इचारलं." महिपतचा आवाज खाली गेला. "म्हणतो, तुम्ही हो म्हटलंय."

नीला पाण्यात शिरली. पातळ पायांना गुंडाळत होतं. नवऱ्याचे डोळे दिसतील इतकी ती पुढं गेली.  तिनं नुसते ओठ हलवले, एकेक शब्द सुटा करून, पहिलीच्या मुलांना शिकवावं तसा.

नाही. मी. बघत. नाही.

आणि मान हलवली. आडवी. हलवतच राहिली.

श्रीपत तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं चपला हातात घेतल्या आणि डोहाला वळसा घालून उथळ पाण्यात उतरला.

"पोर कुठाय?" त्यानं विचारलं. मागांच्या धडधडीतही ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं.

महिपत त्या दिवशी तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी तिघांनी महाडला डॉक्टरकडे जायचं ठरलं. त्याच्या वहीत पुढचं नाव नाते गावच्या दत्तारामचं होतं. तिथं जायचं राहून गेलं.

तुमच्यापैकी कुणी नाते गावी जाणार असेल, तर दत्तारामच्या घरी जरा डोकावून या. चहा घ्या. आणि तो काय म्हणतोय ते नीट कळेपर्यंत मान हलवू नका.