नाद्याच्या नावाखालची रेघ

"ही डबी मी आज काढून टाकणार," रोंडा म्हणाली. "नव्या टीव्हीत सगळी ॲप्स आतच आहेत. आता हिचं काम संपलं."

ड्वाइट दारातच उभा होता. तीन दिवस गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला माणूस. मिशीवर हिमाचे कण, हातात पिकरेल माशांची बादली. त्याने भिंतभर पसरलेल्या नव्या टीव्हीकडे पाहिलं. रोंडाने तो त्याच्या माघारी हौसेने आणून लावून घेतला होता. मग त्याने टीव्हीखाली वायरीला लोंबणारी साबणाच्या वडीएवढी काळी डबी पाहिली.

"ती राहू दे," तो म्हणाला.

"का?"

"सवय आहे मला तिची."

सवय! डबी नाद्याने आणलेली. नाद्या म्हणजे ड्वाइटची पहिली बायको, आजारपणात गेलेली. तिच्या खिडक्यांच्या पडद्यांशी रोंडाने जुळवून घेतलं होतं. तिच्या ओव्हनशीही, तो केक एकाच बाजूने करपवायचा तरी. पण ही डबी चालू केली की टीव्ही विचारायचा, 'कोण बघतंय?' आणि खाली दोन नावं यायची. ड्वाइट. नाद्या. लग्नाला चार वर्षं झाली, पण तिसरं नाव घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. रोंडा आपली ड्वाइटच्या नावाने टीव्ही बघायची.

गेलेल्या बाईशी भांडता येत नाही, ही मोठी अडचण. असती, तर निदान बाजारात दिसली असती, जाड झालीय का ते तरी बघता आलं असतं.

बरं, नाद्या नुसती नावापुरतीही नव्हती. एकदा ड्वाइट घरात नसताना रोंडाने तिच्या नावावर बटण दाबलं. आत घोड्यांच्या फार्मवरची एक लांबलचक मालिका अर्धवट बघून ठेवलेली, आणि चित्राखाली लाल रेघ, कुठपर्यंत बघून झालं ते दाखवणारी. दुसऱ्या दिवशी रेघ पुढे सरकली होती. तिसऱ्या दिवशी पुढचा भाग सुरू झाला होता. मग रोंडाला चटकच लागली. काही बायका नवऱ्याच्या कोटाचे खिसे चाचपतात, तशी ती ती रेघ बघायची. आणि रोज सकाळी ती आंघोळीला गेली, की बाहेर टीव्ही सुरू झाल्याचा आवाज यायचा. नळ बंद करून, अंगावर साबण तसाच ठेवून ती कान देऊन उभी राहायची.

"सवय कसली, सगळं माहीत आहे मला," ती आता म्हणाली. "रोज तिच्या नावाने बसतोस. मी आत कुडकुडत असते आणि तू बाहेर तिच्याबरोबर घोडे बघतोस!"

"मी?"

"नाही, मी! अरे, तू तळ्यावर गेलास त्या दिवसापासून बाईसाहेबांची रेघ जागची हललेली नाही. आणखी काय पुरावा हवा?"

ड्वाइटने बादली हळूच खाली ठेवली.

"ती मालिका मी कधीच बघितली नाही," तो म्हणाला. "ती नाद्याची आई बघते."

रोंडाचा हात डबीवरच थांबला.

"ओलेना?"

"नाद्यानेच तिच्या टीव्हीवर आपलं खातं घालून दिलं होतं, स्वतःच्या नावाने. म्हातारी अजून तेच बघते. रुळांपलीकडे एकटी राहते. आपलं लग्न झाल्यापासून मला दार उघडत नाही. फोन उचलत नाही. ख्रिसमसला तिच्या पायरीवर खाऊची पिशवी ठेवून आलो, तर ती पिशवी संध्याकाळी आपल्या पायरीवर परत. मग मी सकाळी फक्त ती रेघ बघतो. पुढे गेलेली दिसली, की म्हातारी ठीक आहे. मग कॉफी घेतो."

"ते नव्या टीव्हीवर दिसेल की."

"नव्यावर खातं उघडायचं, तर नाद्याच्या फोनवर आकडे येतात. तो नंबर मीच बंद केला, ती गेल्यावर. तेव्हा डोकं कुठे जाग्यावर होतं? ही डबी तेवढी अजून आत आहे. फेकलीस, की संपलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला राग आला असता."

"आलाच असता," रोंडा म्हणाली. डबीवरचा हात तिने काढून घेतला. चार वर्षं ती ज्या बाईवर जळत होती ती बाई नव्हतीच. रुळांपलीकडच्या एका घरात घोडे बघत बसलेली एक हट्टी म्हातारी होती.

तिला हसू येणार, तोच तिने ड्वाइटकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"रोंडा," तो म्हणाला, "हललेली नाही म्हणालीस. मी गेल्यापासून. अगदी खरं?"

खोटं कसं असेल? सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं तिने. आज दुपारीसुद्धा.

तिने खुंटीवरचा कोट ओढला आणि बुटांत पाय कोंबले.

"मला दार उघडणार नाही ती," ड्वाइट म्हणाला. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या आणि तो जागचा हलत नव्हता. "कितीही वाजवलं तरी नाही उघडणार."

"तू मागे उभा राहा. दार मी वाजवते," रोंडा म्हणाली. "मला शिव्या द्यायला तरी उठेल."