चर्चच्या दारावरचा कागद

पडद्यावर अर्धा तास नुसते घोडे धावत होते. क्लोतिल्दाबाई शिवणकाम करणाऱ्या विधवेची वाट बघत होत्या. विधवा काही येईना. आली ती गुत्त्यातल्या टेबलावर नाचणारी बाई.

तोंडावर काळी जाळी ओढून बाई आयुष्यात पहिल्यांदाच थिएटरात बसल्या होत्या. तसं मुलाबाळांना कुठला सिनेमा दाखवावा, कुठला नाही, हे अकरा वर्षं त्याच ठरवत होत्या. दर शनिवारी चर्चच्या दारावर त्यांच्या सहीचा कागद लागे. तो वाचल्याशिवाय गावात कुणी मुलांच्या हातावर तिकिटाचा पेसो ठेवत नसे. आता असले सिनेमे स्वतः पाहणं बाईंना शोभलं नसतं. म्हणून दर गुरुवारी दुपारी नवरा, निकानोर, औषधांचं दुकान बंद करून पाहून येई. संध्याकाळी गरम चॉकलेटमध्ये चीज बुडवत गोष्ट सांगे. सांगायचा मात्र छान.

मागच्या गुरुवारची तर त्यानं डोळे पुसत सांगितली. चामड्याच्या कारखान्यामागचं निळ्या दाराचं घर, गरीब विधवा, पुढचा दात पडलेली तिची मुलगी, प्रार्थना अर्ध्यावर सोडणारा पोपट, आणि या सगळ्यांना जीव लावणारा एक भला माणूस. बाईही रडल्या. त्यांनी लिहिलं, ‘मुलाबाळांसह जरूर पाहावा.’

रविवारी गाव मुलाबाळांसह गेलं. सोमवारी सकाळी फादरनी चारही टाचण्यांसकट कागद बाईंच्या हातात परत दिला. म्हणून आज तोच सिनेमा पाहायला बाई स्वतः आल्या होत्या.

निकानोरवर बाईंचा पूर्ण विश्वास होता. खेळ अर्ध्यावर सोडून त्यांनी तिकिटाच्या खिडकीतच थिएटरवाल्या इलियासला धरलं. रीळ बदललंस, कबूल कर म्हणाल्या. आमच्या ह्यांनी गुरुवारी इथे वेगळाच सिनेमा पाहिला.

इलियासनं मान खाजवली. "बाई, अकरा वर्षांत त्यांनी एक तिकीट काढलेलं नाही. मला वाटायचं, तुम्हीच मनाई केलीय."

बाई खिडकीपासून वळल्या आणि चालू लागल्या. गावात चामड्याचा कारखाना एकच होता.

पोपट कोपऱ्यावरूनच ऐकू आला. प्रार्थनेच्या मध्येच थांबला. निळं दार उघडणाऱ्या मुलीला पुढचा दात नव्हता. तिनं काळ्या जाळीकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच ना त्या कागदवाल्या बाई? बाबा म्हणतात, तुमच्यामुळे आम्हाला सिनेमाला नेता येत नाही."

बाईंनी तिच्या गालाला हात लावला, तिला आत जायला सांगितलं आणि दार हळूच ओढून घेतलं. मग पर्समधून कागद काढला, घडी सरळ केली आणि चारही टाचण्या लावून निळ्या दारावर ठोकला.

‘मुलाबाळांसह जरूर पाहावा.’