रिकामा खिसा

विमान पुन्हा डोक्यावरून गेलं, तेव्हा काशीरामने शेठच्या नावाने आणखी एक शिवी हासडली.

पुढचं चाक बाहेर येत नव्हतं. मागची दोन आली होती, पुढचं पोटातच अडकून बसलं होतं. आठ आसनांचं ते छोटं जेट दीड तास रत्नागिरीच्या कातळसड्यावर घिरट्या घालत इंधन जाळत होतं. आत विमानाचा मालक शेठ, म्हणजे लोटे गावचा कारखानदार, त्याची दोन माणसं आणि दोन वैमानिक. पाच जीव.

"खंडेनवमीला तरी घरी बसायचं ना!" धावपट्टीच्या कडेला उभ्या बंबावरच्या माणसांना ऐकू जाईल असा तो बोलला. "सणासुदीला दुसऱ्यांना राबवायचं आणि वर देवानेच सांभाळायचं!"

राग खोटा नव्हता. सकाळी त्याने ट्रॅक्टरने हे जेट हँगरमधून ओढून बाहेर लावलं आणि तो हत्यारांच्या पूजेला आला. मांडामांड सुंदराबाईची. हँगरची झाडलोट तीच करायची. "एक लोखंड पूजेबाहेर राहता कामा नये गो," असं त्याने तिला दरवर्षीसारखं बजावलं, शर्ट खुंटीला टांगला आणि उघड्या अंगाने पाटावर बसला. आरती संपून नारळ फोडतोय तोच बाहेर गाडीचा भोंगा. शेठ तासभर आधीच टपकला होता. काशीराम शर्टाची बटणं लावत धावला. प्रसादाचा तुकडाही तोंडात पडला नाही.

शेठ घड्याळ दाखवून ओरडत होता. मुंबईत त्याची कसली तरी बैठक होती. कॅप्टन योगिनी विमानाला फेरी मारून बघायला निघाली, तिलाही त्याने अर्ध्यातून आत पिटाळलं. खिडकीतून डोकं काढून तिने विचारलं, "काका, खालचं सगळं झालं ना?"

पावसची ही पोर, पंख फुटून चार वर्षं झाली नाहीत. तीस वर्षं विमानं ओढणाऱ्याला विचारते! काशीरामने छातीवर हात मारला आणि अंगठा वर केला.

आणि आता हे.

"येतंय!" कोणीतरी ओरडलं.

जेट खाली आलं. मागची चाकं टेकली. नाक मात्र योगिनीने वरच धरून ठेवलं, धरवेल तितका वेळ धरलं. मग ते हळूच खाली बसलं आणि धावपट्टीवर ठिणग्यांचा पट्टा उठला. कानात दाभण घातल्यासारखा आवाज. विमान तिरकं होत होत पट्टीवरच थांबलं. बंब धावले, दार उघडलं, पाचही जणं स्वतःच्या पायांनी उतरली.

काशीरामने देवाला हात जोडले. जोडलेले हात सुटले नाहीत तोच शेठचा आवाज चढला. ज्या पोरीने त्याचा जीव वाचवला, तिच्याच अंगावर तो धावून जात होता.

इंजिनिअर अजिंक्य सावंत नाकाखाली आडवा होऊन बघून आला. तोंड काळं पडलेलं.

"टोइंगची पिन नाही," तो म्हणाला. "बोटाएवढी असते. विमान ओढताना काढायची, ओढून झालं की परत बसवायची. नसली तर चाक वाकडं फिरतं आणि वर गेलं की अडकतं. काशीदादा, तुम्ही बसवली होती?"

सगळ्यांच्या माना वळल्या. काशीरामच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"माझ्याकडे काय बघताय? पिन काढली की या खिशात, बसवली की खिसा रिकामा. तीस वर्षांत कधी चुकलं नाय. अंगठा दाखवायच्या आधी मी खिसा चाचपलाय. रिकामा होता!"

"बसवल्याचं आठवतंय?"

"जेवताना घास तोंडात घातल्याचं आठवतं तुला? हात करतात आणि मोकळे होतात. नीट बसली नसेल तर उडण्याआधी बघायचं काम कोणाचं?"

"माझं," योगिनी म्हणाली. "जमिनीवर असतानाच चाक सैल वाटलं होतं मला. शेठ थांबू देत नव्हते. आणि काकांनी अंगठा दाखवला होता."

"नाचता येईना अंगण वाकडं!" काशीराम कडाडला. "माझ्या माथी मारू नकोस पोरी. मार्चला निवृत्त होतोय मी, एक डाग नाय अंगावर!"

शेठला तेवढंच हवं होतं. "उद्यापासून येऊ नकोस," तो तिला म्हणाला. "आणि पुन्हा कुठलंच विमान उडवणार नाहीस, ते मी बघतो."

अजिंक्यने जबाबाचा कागद पुढे केला. 'पिन मी स्वतः बसवली होती.' काशीरामने खाली ठसठशीत सही ठोकली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

योगिनी जाताना त्याच्यापाशी थांबली. "तुमच्या अंगठ्यावर विश्वास ठेवला काका, ही चूक माझीच."

त्यावर त्याला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण ती निघून गेली होती.

उन्हं कलली तेव्हा तो हँगरात परतला. अंगात राग तसाच धुमसत होता. चपला काढून तो पूजेपुढे उभा राहिला. लाल कापडावर नटबोल्टचे पाने, पकडी, हातोडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू. उद्या दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. त्याने डोळे मिटले. देवा, तुझ्यामुळेच आज इभ्रत राहिली.

"प्रसाद ठेवलाय हां दादा," मागून सुंदराबाई कौतुकाने म्हणाली. "आणि एकदा बघून घ्या. तुम्ही आरतीला असेच डोळे मिटून होतात ना, तेव्हा तुमच्या शर्टाच्या खिशातलं ते बोटाएवढं लोखंडपण काढून मांडलं मी. एक बाहेर राहू दिलं नाय."